पिंपरीचे पेनिसिलिन आणि पेटंटचा कायदा

पुण्याहून रेल्वेने मुंबईकडे निघालात की खडकी, दापोडी, कासारवाडी मागे पडतात आणि पिंपरी येते. १९५४ साली येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. युनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले आणि १९५५ पासून येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेटंट म्हणजे काय, हे याच औषधावरून पाहू या.

पेनिसिलिन ही बुरशीची देणगी. १९२८ साली फ्लेमिंगला तिचा गुण दिसला. त्याने पेटंट घेतले नाही. ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी त्यातून औषध सिद्ध केले. चेन म्हणे, पेटंट घ्या. वडीलधाऱ्यांना ते वैद्यकाला न शोभणारे वाटले. पुढे अमेरिकेत मॉयरने मक्याचा स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यात ही बुरशी जोमाने वाढवण्याची रीत बसवली, आणि १९४८ साली त्या रीतीची पेटंटे त्याच्या नावाने नोंदली गेली. पाहिलेत ना? बुरशी कोणाचीच नाही. पण ती वाढवण्याच्या युक्तीला मालकी आली!

कायद्याचा सौदा असा : नवी, उपयोगी युक्ती काढलीत, तर ती सरकारदप्तरी उघड लिहून द्या. मोबदल्यात काही वर्षे तिचा मक्ता तुमचा. मुदत सरली की ती सर्वांची. पुस्तकाचा कॉपीराइट आणि मालाच्या नावाचा ट्रेडमार्क ही खाती निराळी.

पण मक्ता रीतीचा की वस्तूचा? औषधाच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी येतो. वस्तूचाच मक्ता असला, तर दुसरी रीत शोधूनही ते औषध करता येत नाही. भाव एकाच्याच हाती राहतो. १९११ च्या कायद्याखाली वस्तूचेही पेटंट मिळे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने दाखवले, की बहुतेक पेटंटे परदेशीयांची आहेत आणि त्यांतली फारच थोडी इथे वापरात आहेत. म्हणून १९७० च्या कायद्याने औषधांना फक्त रीतीचे पेटंट ठेवले, तेही फार तर ७ वर्षे. जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून वस्तूचे पेटंट परत आले. मुदत २० वर्षे.

पिंपरीने दुसरी बाजूही पाहिली. तेथेच तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच ‘पिंप्रिना’ आहे. त्याचे पेटंटही घेतले गेले. तेव्हा मक्ता नकोच असे म्हणून आपले भागत नाही, आणि तो बेमुदत असावा असे तर मुळीच नाही. शोधणाऱ्याला मोल मिळावे आणि रोग्याला औषध परवडावे, या ओढाताणीतूनच कायद्याची कलमे बदलत आली. पुढच्या वेळी औषधाच्या बाटलीवरची किंमत वाचाल, तेव्हा एवढे ध्यानात असू द्या.