वरळीची जाळी आणि नगरचा किल्ला

मुळशी तालुक्यातील भरे गावाहून आम्ही काही मंडळी मुंबईला वरळीच्या नेहरू सेंटरमधील 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे प्रदर्शन पाहायला गेलो. पण प्रदर्शनाआधी इमारतीनेच आम्हाला थांबवले. गोल, पांढरी, उंच, आणि अंगभर जाळी! ही आधुनिक वास्तू आय. एम. कादरी या वास्तुशिल्पकाराची. घुमट नाही, मिनार नाही. तरी अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची 1573 सालची दगडी जाळी आठवल्याशिवाय राहत नाही.

आत दालनांमधून भारताची वाटचाल मांडली होती. तिचा आधार पंडित नेहरूंचा त्याच नावाचा ग्रंथ. तो 1944 साली लिहिला गेला, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात. हा दगडी कोट हुसेन निजामशहाने 1559 ते 1562 या काळात बांधला. चाँदबिबीने मोगलांशी झुंज दिली ती याच तटावरून. 'छोडो भारत' आंदोलनात, ऑगस्ट 1942 मध्ये, इंग्रजांनी काँग्रेसचे नेते इथेच डांबले. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रेही याच तुरुंगातली. ग्रंथाच्या प्रस्तावनेत नेहरूंनी ज्या चार सहबंदींचा खास उल्लेख केला, त्यांत आझाद आणि असफ अली आहेत, तसेच गोविंद वल्लभ पंत आणि आचार्य नरेंद्र देवही आहेत.

आम्हा मुळशीकरांना निजामशाही परकी नाही. आमचा पुणे परगणा तिच्याच अमलाखाली होता. शहाजीराजांनी तिची चाकरी केली, मलिक अंबरने तिची जमीन महसुलाची घडी बसवली. मात्र पाठ्यपुस्तकात ही नावे आली की आमच्या मुलांकडे वर्गातले इतर वळून पाहतात, जणू ती कुणा पाहुण्यांची गोष्ट आहे. आणि आपण तरी काय करतो? 'मुस्लिमांचे योगदान' असा वेगळा मथळा देऊन लेख लिहितो. योगदान बाहेरचा माणूस देतो. घरचा माणूस घर बांधतो.

निजामशहाच्या किल्ल्यात नेहरूंनी लिहिले, आझादांशी चर्चा करत लिहिले. त्या ग्रंथाच्या प्रदर्शनासाठी कादरींनी इमारत उभारली. यातला हिंदूंचा वाटा कोणता नि मुसलमानांचा कोणता, हे वेगळे काढायला गेलो तर ना ग्रंथ उरेल, ना इमारत. मुलांना इतिहास सांगताना आपण तो असाच, अखंड सांगायला हवा.