डी-मार्ट

सवलतीच्या किंमतीत माल विकणारी, मुख्यत्वे शहरांच्या उपनगरांतून विस्तारलेली भारतातील विभागीय भांडारांची एक साखळी. तिचे पहिले भांडार मुंबईच्या पवई या उपनगरात २००२ मध्ये निघाले. ‘अव्हेन्यू सुपरमार्ट्‌स’ ही तिची मालक कंपनी असून शेअरबाजारातील गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी हे तिचे संस्थापक होत.

धान्य, किराणा, कापड, भांडी इ. वस्तू एकाच छपराखाली माफक दरात पुरविण्याचा प्रयत्न मुंबईत सहकारी क्षेत्राने पूर्वीच केला होता. नायगाव या गिरणगावातील भागात १९४८ मध्ये स्थापन झालेल्या कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेने १९६८ मध्ये ‘अपना बाजार’ हे विभागीय भांडार उघडले. तो टंचाईचा व भाववाढीचा काळ होता; १९६६ मधील रुपयाच्या अवमूल्यनानंतर दिल्लीतही ‘सुपर बाजार’ सुरू झाला होता. रास्त भाव, चोख माप व निर्भेळ माल ही अशा भांडारांची उद्दिष्टे होती. सहकारी तत्त्वानुसार त्यांची मालकी सभासद-ग्राहकांकडे असे.

१९९९ च्या सुमारास दमाणी यांनी नवी मुंबईतील नेरूळ येथे अपना बाजारचे एक भांडार कराराने चालविण्यास घेतले. ती कार्यपद्धती त्यांना पुरेशी वाटली नाही व त्यांनी स्वतंत्र साखळी उभारण्याचे ठरविले. २००२ मध्ये पवईचे भांडार उघडले, त्याच वर्षी दिल्लीचा सुपर बाजार अवसायनात निघाला.

डी-मार्टच्या स्वस्ताईचे मूळ खर्चाच्या काटकसरीत आहे. जागा शक्यतो भाड्याने न घेता खरेदी करावयाची, सजावट साधी ठेवावयाची, मोजकाच पण खपणारा माल ठेवावयाचा आणि पुरवठादारांची देणी लवकर चुकवून त्यांच्याकडून सूट मिळवावयाची, ही तिची मुख्य सूत्रे होत. त्यामुळे वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किंमतीपेक्षा कमी दराने माल देणे वर्षभर शक्य होते. खाद्यपदार्थांवरील अल्प नफ्यास कपडे व गृहोपयोगी वस्तूंवरील अधिक नफ्याची जोड मिळते. १९६२ मध्ये निघालेल्या अमेरिकेतील वॉलमार्टनेही नित्य कमी किंमतीचे धोरण अवलंबिले होते.

मार्च २०१७ मध्ये कंपनीचे शेअर प्रत्येकी २९९ रुपयांस जनतेला विकण्यात आले. शेअरबाजारात नोंदणीच्या पहिल्याच दिवशी त्यांचा भाव दुपटीहून अधिक झाला. त्या महिन्याअखेर १३१ असलेली भांडारांची संख्या मार्च २०२५ अखेर ४१५ वर गेली.

या विस्ताराने किरकोळ व्यापारातील एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला पगार होईपर्यंत वा पीक हाती येईपर्यंत उधारी देतो. सवलतीच्या भांडारात दर कमी असला, तरी व्यवहार तत्काळ चुकता करावा लागतो; महिन्याचा माल एकदम घेऊ शकणाऱ्या कुटुंबास त्याचा लाभ अधिक होतो, रोजंदारीवरील कुटुंबास कमी. ग्राहक सहकाराने स्वस्ताईबरोबर ग्राहकाला मालकीतही वाटा देऊ केला होता. डी-मार्टने स्वस्ताई अधिक कार्यक्षमतेने साधली. मात्र तेथे ग्राहक हा केवळ ग्राहकच राहिला.