स्टेशनपासून पाच मिनिटं

मुंबईत भाड्याच्या घराची जाहिरात कुठलीही वाचा, 'स्टेशनपासून चालत पाच मिनिटं' हे वाक्य हमखास सापडतं. त्या पाच मिनिटांपायी मी नऊ वर्षांत चार घरं बदलली. दर वेळी अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं आणि टेम्पो. त्याच गल्लीतल्या जुन्या चाळीत मात्र तिसरी पिढी नांदतेय, आणि तिचं महिन्याचं भाडं माझ्या एका दिवसाच्या रिक्षाइतकं! हे असं का, याचा शोध घेत मी इतिहासात शिरलो.

बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ साली. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याला आखीव वस्ती झाली. १९२५ मध्ये विजेची गाडी कुर्ल्यापर्यंत पोचली. त्या काळी घर विकत घेणं ही चैन होती, बहुतेक मुंबईकर भाडेकरूच. दादरच्या इमारतींवर 'टू लेट'च्या पाट्या लटकत असत, असं जुनी माणसं सांगतात. आज खरं वाटत नाही ना?

मग युद्ध आलं, पाठोपाठ फाळणी. माणसांचे लोंढे, घरं तेवढीच. १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगलाच होता, गरिबाला रस्त्यावर काढू नये हा. पण ती तात्पुरती सोय पन्नास वर्षं चालली. मालकांनी डागडुजी सोडली, भाड्यासाठी नवं बांधणं सोडलं, आणि गोठलेल्या भाड्याची भरपाई पागडीतून रोखीने होऊ लागली. पडक्या इमारतींसाठी १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला.

मालकांनी पळवाट काढली ती 'लीव्ह अँड लायसन्स'ची. म्हणजे तुम्ही भाडेकरू नाहीच, नुसते परवानगीने राहणारे! १९७३ मध्ये सरकारने अशा चालू करारांतल्या लोकांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. झालं, मालक हबकले. घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप बरं, असं अनेकांना वाटू लागलं.

३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. पागडी अधिकृत झाली, करार लेखी आणि नोंदणीकृत करणं सक्तीचं झालं, आणि मुदत संपल्यावर न हलणाऱ्याला दुप्पट भाडं. वर्षाहून कमी मुदतीला नोंदणी लागत नसे, म्हणून अकरा महिने आले होते. नोंदणी सक्तीची झाली तरी अकराची सवय काही सुटली नाही.

तर मुद्दा हा, की कायद्याने आधी आलेल्यांना एवढं जपलं की नंतर येणाऱ्यांसाठी दार बंद झालं. आणि दार उघडलं तेव्हा नंतर आलेल्यांच्या वाट्याला कसलंच संरक्षण उरलं नाही. चाळीतल्या काकांचा मला राग येत नाही. त्यांना बाहेर काढून माझं भाडं एका रुपयाने कमी होणार नाही. उलट त्यांना मिळालेल्या निश्चिंतीतली थोडी, निदान मुलीची शाळा संपेपर्यंतची, माझ्यासारख्यालाही मिळावी इतकंच वाटतं. एकाला तीन पिढ्या आणि दुसऱ्याला अकरा महिने, यांच्या मधलं काहीतरी या शहराला अजून सुचलेलं नाही.

असो. पुढच्या महिन्यात करार संपतोय. ब्रोकरला फोन करायला हवा.