माळवदाची माती : गळती थांबवणारा आणि भार वाढवणारा थर

१/८
मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्यापूर्वी परभणी जिल्ह्यातील जुन्या गावांत घरोघरी एक काम ठरलेले असे : माळवदाच्या भेगा बुजवणे. पावसापासून घर राखणाऱ्या याच कामात मराठवाड्यावरील एका मोठ्या आपत्तीचे एक कारण दडले होते.

२/८
माळवद, म्हणजेच धाबे, हे मातीचे सपाट छत. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे किंवा फळ्या, त्यांवर काटक्या-पाला आणि सर्वांत वर चोपून बसवलेली माती. किंचित उतारावरून पाणी पन्हाळातून बाहेर पडे.

३/८
माती मात्र कोणतीही चालत नसे. गोदावरी खोऱ्यातील काळी माती पिकाला उत्तम. पण ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून छतासाठी पांढरी माती. मराठेकालीन कागदपत्रांत शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. पडलेल्या जुन्या घरांची माती, राख, चुना यांतून पिढ्यान्‌पिढ्या ही पांढरी साचत गेली.

४/८
उन्हाळ्यात हे छतही तडकेच. मग गवत उपटणे, उंदरांची बिळे बुजवणे, भिंत आणि छत यांचा सांधा लिंपणे, पन्हाळाच्या कडा भरणे आणि वर नवी माती चोपणे, असा क्रम असे.

५/८
जुनी माती सहसा काढली जात नसे. थरावर थर चढत. काही घरांत हा थर दोन फुटांपर्यंत किंवा त्याहूनही जाड झाला. १० फूट लांब-रुंद खोलीवर दोन फूट माती म्हणजे सुमारे ९ टन भार.

६/८
३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. परभणीला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, जड छते झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो जीव गेले.

७/८
दोष एकट्या माळवदाचा नव्हता. भिंतींत आरपार जाणारे बांधदगड नव्हते. जिथे छताचा भार मजबूत लाकडी खणांवर होता, तिथे भिंती बाहेर पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. पुढे दुरुस्तीच्या सूचनांत मातीचा थर कमी करणे, मध्ये जलरोधक कागद अंथरणे आणि बांधदगड बसवणे यांवर भर आला.

८/८
भूकंपानंतर अनेकांनी माळवद उतरवून पत्रे घातले. भार गेला; त्याबरोबर वैशाखातला गारवाही गेला. ज्यांची माळवदे उभी आहेत, त्यांच्यासाठी या इतिहासाचा अर्थ सरळ आहे : नवी माती चढवण्याआधी जुनी उतरवावी.