अठरा दिवसांत गेलेलं वऱ्हाड

२९ नोव्हेंबर १८०३, सकाळचे सहा

आर्थर वेलस्ली घोड्यावर बसला आहे. त्या दिवशी सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत आपण घोड्यावर होतो, असं त्यानं नंतर एका पत्रात लिहिलं. वय चौतीस. वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच, पण त्याला अजून बारा वर्षं आहेत. आज तो आपल्या वऱ्हाडात आहे, सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या जमिनीत. आजच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्याचं हे शिवार. नोव्हेंबर सरताना इथे पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली असते आणि वेचणीला माणूस पुरत नाही.

तो इथवर आला कसा? दार आतून उघडलं गेलं म्हणून. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. पेशवे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईत त्यांनी इंग्रजांशी तह केला. कंपनीची तैनाती फौज पदरी ठेवायची आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, असं ठरलं. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावं. वऱ्हाड गेलं ते शेवटी याच रीतीनं. हा तह शिंदे आणि भोसले यांना मान्य नव्हता, त्यातून युद्ध पेटलं आणि कंपनीची फौज घेऊन वेलस्ली भोसल्यांच्या वऱ्हाडात आला.

दुपार

कर्नल स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळाली आहे. ऊन कडक, सैनिक लांबून चालून आलेले. आज लढाई नको, असं वेलस्लीच्या मनात आहे. दौलतराव शिंद्यांशी सहाच दिवसांपूर्वी युद्धबंदी झाली आहे, पण नागपूरकर रघुजी भोसले तिच्यात नाहीत. शिवाय शिंद्यांचे घोडेस्वार ठरल्याप्रमाणे दूर गेलेले नाहीत, ते भोसल्यांच्या फौजेशेजारीच उभे आहेत. हल्ला करू नका, अशी शिंद्यांच्या वकिलांनी इंग्रज छावणीत विनवणी चालवली आहे.

एवढ्यात समोर स्वारांच्या टोळ्या दिसतात. वेलस्ली पाहणीला पुढे जातो, तर सहा मैलांवर अडगावसमोर पायदळ, घोडदळ आणि तोफा शिस्तीत उभ्या. रांग पाच मैलांहून लांब. मागे गाव, बागा आणि पिकाची वावरं. सेनापती आहेत रघुजींचे भाऊ व्यंकोजी भोसले, ज्यांना मन्याबापू म्हणत. उशीर झाला असूनही वेलस्ली कूच करण्याचा हुकूम देतो.

साडेचारच्या सुमारास

सिरसोली गावाजवळ इंग्रजांची रांग बांधली जात असताना भोसल्यांच्या तोफा धडाडतात आणि कंपनीच्या तीन देशी पलटणी मोडून मागे पळतात. असईच्या रणात दोन महिन्यांपूर्वी याच शिपायांनी छाती दाखवली होती. वेलस्ली स्वतः त्यांना गोळा करून पुन्हा जागेवर आणतो. मी जवळ नसतो तर आजची लढाई हरलो असतो, हे त्यानं नंतर कबूल केलं.

मला हा क्षण फार मोठा वाटतो. सिरसोलीच्या शिवारात काही मिनिटं निकाल लोंबकळत होता. समोरून त्याच वेळी जोराचा हल्ला आला असता तर? पण रांग जागेवरच उभी राहिली. शिंदे आणि भोसले शेजारी उभे होते, पण एका हुकमाखाली नव्हते.

सूर्यास्त

पुढचं सगळं भराभर झालं. भोसल्यांच्या पायदळाची एक तुकडी स्कॉटिश पलटणींवर तुटून पडली आणि तिथेच कापली गेली. शिंद्यांच्या स्वारांचा हल्ला परतवला गेला. मग अख्खी रांग फुटली आणि ३८ तोफा मैदानात राहिल्या.

मध्यरात्र

चंद्र जवळजवळ पूर्ण. त्या चांदण्यात कंपनीचं घोडदळ पळणाऱ्यांच्या मागे लागलं आहे. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या वर, त्यांची नोंद पलटणवार आहे. आपल्या बाजूच्या मेलेल्यांची अशी यादी नाही. अडगाव आणि सिरसोली ही नावं वेलस्लीच्या खलित्यात येतात ती फौज कुठे उभी होती हे सांगण्यापुरती. उरलेलं पायदळ डोंगराकडे पळतं, गाविलगडाच्या आसऱ्याला.

७ ते १२ डिसेंबर

अचलपुरात जखमींची सोय लावून दोन्ही फौजा निघतात. गाविलगड आजच्या चिखलदऱ्याला लागून आहे. अहमदशहा बहमनीनं १४२५ च्या सुमारास तो बांधला. त्याआधी तिथे गवळ्यांचं ठाणं होतं, नाव त्यांच्यावरून पडलं. दक्षिणेकडे सरळ तुटलेला कडा, त्यामुळे तिकडून जड तोफांसह चढून जाण्याची सोय नाही. उत्तरेकडे मात्र एक चिंचोळी सपाटी गडाला जोडलेली आहे. तिथे पोचायचं तर मेळघाटातून तीस मैलांचा फेरा.

स्टीव्हन्सननं तो फेरा घेतला. माणसं जंगल तोडून आधी वाट करायची आणि मग त्याच वाटेनं जड तोफा हातांनी ओढायची. मेळघाटातला डिसेंबर ज्यानं अनुभवला आहे त्याला त्या रात्री कशा गेल्या असतील हे सांगायला नको. गडावरच्यांना भरवसा होता तो या डोंगराचा.

१२ डिसेंबर, रात्र

उत्तरेकडे तोफांचे दोन मोर्चे बांधून होतात. दक्षिणेला वेलस्लीची माणसं लोखंडी तोफा वर चढवायचा प्रयत्न करतात, पण त्या चढत नाहीत. पितळी तोफांवर भागवावं लागतं.

१३ डिसेंबर, सकाळ

सर्व मोर्चे एकदम सुरू.

१४ डिसेंबर, रात्र

अमावस्येचा अंधार. बाहेरच्या तटाला माणूस चढू शकेल एवढी खिंडारं पडली आहेत. आतला तट शाबूत आहे.

१५ डिसेंबर, सकाळचे दहा

कर्नल केनीची तुकडी उत्तरेच्या खिंडारावर चढते. त्याच वेळी दक्षिण आणि वायव्य दरवाजांवर दोन तुकड्या पाठवल्या आहेत, गडावरच्यांचं लक्ष फाटावं म्हणून. वायव्य दरवाजातून गडावरचे लोक बाहेर पडू पाहतात आणि नेमके त्या तुकडीच्या हाती सापडतात.

आतल्या तटापाशी पुन्हा अडलं. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल थोडी माणसं घेऊन दरीतल्या अरुंद वाटेनं पलीकडे गेला, शिडी लावून भिंत चढला आणि आतून दरवाजा उघडला.

त्यानंतर जे झालं त्याला लढाई म्हणता येणार नाही. दाटीवाटीनं कोंडलेली माणसं मारली गेली. किल्लेदार बेनीसिंग दरवाज्याजवळच्या प्रेतांत सापडला. त्याच्या घरातल्या बायकांनी जोहार केल्याची कथा गडावर आजही सांगतात. वेढ्यात इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून सव्वाशेच्या आसपास.

१७ डिसेंबर, देवगाव

गड पडून दोनच दिवस झाले आहेत. देवगावच्या तहात रघुजींनी कटक आणि बालेश्वर दिलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले परत मिळाले. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवणार नाही, हेही लिहून द्यावं लागलं. पुढल्या वर्षी कंपनीनं हे वऱ्हाड आपल्या दोस्ताला, हैदराबादच्या निजामाला, देऊन टाकलं.

ही लढाई कापसासाठी झाली असं म्हणणं खोटं ठरेल. तेव्हा कंपनीच्या डोक्यात फ्रेंचांची भीती होती आणि मराठ्यांची सत्ता मोडायची होती. काळ्या जमिनीचा हिशेब नंतर लागला.

तो असा लागला. निजामाच्या खर्चानं एक फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामानं द्यायचा. पगार थकला, थकबाकीचं कर्ज झालं, आणि २१ मे १८५३ च्या करारानं त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं. १८६० मध्ये निजामाचं जुनं कर्ज माफ झालं, रायचूर आणि नळदुर्ग परत मिळाले. वऱ्हाड मिळालं नाही. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीनं आपल्या कारकिर्दीचा आढावा लिहिताना नव्यानं हाती आलेल्या उत्तम कापूसपट्ट्यांत वऱ्हाडाची आवर्जून गणना केली होती.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे पाहू लागल्या. पूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. १८७० मध्ये खामगावला आणि पाठोपाठ अमरावतीला रेल्वेचा फाटा आला, तो याच गाठींसाठी. नोव्हेंबर १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेऊन टाकलं. वसईच्या तहात जी बाब २६ लाखांच्या मुलखाची होती, ती शंभर वर्षांनी इथे येऊन पोचली.

काँगोचा कोबाल्ट आणि सुदानचं सोनं यांच्या बातम्या वाचताना मला म्हणूनच त्या देशांचा परकेपणा वाटत नाही. घरात भांडण, मदतीला बाहेरची फौज, फौजेचा खर्च घरावर आणि खर्च थकला की वावर गहाण. हे आमच्याकडे होऊन गेलं आहे. कोणत्याही तहावर किंवा करारावर पऱ्हाटी वेचणाऱ्याचं मत कुणी घेतलं नव्हतं.

१८५८ मध्ये इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी मोडली, तात्या टोप्यांच्या हाती गड लागू नये म्हणून. चिखलदऱ्याला जाणारे बहुतेक जण भीमकुंड आणि थंड हवा पाहून परततात. तुम्ही गडाच्या उत्तर बाजूला जा, त्या चिंचोळ्या सपाटीवर उभे राहा. आणि अकोट, तेल्हारा, अचलपूरच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की मुलांची एक तरी सहल अडगाव-सिरसोलीच्या शिवारात न्या, आणि लढाई सांगून झाली की १८५३ चा करारही सांगा.