दिनविशेष – ३० एप्रिल : वाटाण्याचा कोंब

दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट सर्वांना ठाऊक. पण त्याआधीची वाटाण्याची फीत मला अधिक मोलाची वाटते. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर मातीतून कोंब वर आला आणि डोळ्यांदेखत त्याची वेल झाली! ऊसपट्ट्यातल्या सोमेश्वरनगरच्या पोरांनी उसाच्या कांडीचा फुटलेला डोळा पाहिलेला असतो, फुटताना मात्र नाही. ते दडलेले जग फाळक्यांनी उघडे केले. ही फीत दाखवूनच त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवले. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’ या फितीत तर काड्याच हलू लागल्या. एक चित्र घ्यायचे, काडी किंचित सरकवायची, पुन्हा चित्र.