डेमो कॅसेट : नकलांनी जपलेला इतिहास

१/ शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये आपल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकलांवरून नकला होत गेल्या, पाठ बदलत गेले आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली. आजचा धागा आहे नकलांच्याच प्रवासाचा. पण पोथीच्या नव्हे, एका कॅसेटच्या.

२/ काळ : जानेवारी १९८८. स्थळ : अमेरिकेच्या राजधानीलगतचे आर्लिंग्टन. तेथे डॉन झिएन्टारा यांच्या घराच्या तळघरात ‘इनर इअर’ नावाचा स्टुडिओ होता. जेमतेम दहा कार्यक्रम केलेला ‘फुगाझी’ हा चौघांचा बँड, आपले संगीत टेपवर कसे ऐकू येते हे पाहण्यासाठी तेथे पोहोचला.

३/ पार्श्वभूमी : १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये ‘हार्डकोर पंक’ फोफावले. गाणी अतिशय वेगवान, जेमतेम मिनिट-दीड मिनिटाची. पुढे त्यातील ठरावीकपणा आणि कार्यक्रमांतील मारामाऱ्या यांना तिथलेच वादक कंटाळले. त्यांनी संताप कायम ठेवला. पण वेग मोडला, गाण्यात विराम आणले, बेस गिटारला पुढे आणले. यालाच पुढे ‘पोस्ट-हार्डकोर’ म्हटले गेले.

४/ ‘डेमो’ म्हणजे नमुन्यादाखल केलेले मुद्रण. सहसा ते एखाद्या कंपनीच्या दारात उभे राहण्यासाठी केले जाते. फुगाझीला त्याची गरज नव्हती : गायक इयन मकाय हे १९८० पासून ‘डिस्कॉर्ड’ या स्वतंत्र संस्थेचे सहसंस्थापक होते. मुद्रण मनासारखे झाले, तरी रेकॉर्ड काढण्याची वेळ अजून आलेली नाही, असे बँडने ठरवले.

५/ मग त्यांनी कॅसेटच्या प्रती काढून मित्रांना आणि श्रोत्यांना वाटल्या. नकला करा, इतरांना द्या, असेही सांगितले. जे काम मोठ्या कंपन्या ‘चोरी’ म्हणून हिणवत, तेच येथे प्रसाराचे साधन झाले.

६/ इतिहासाच्या दृष्टीने ही टेप मोलाची का? कारण तीत बँड घडताना ऐकू येतो. गी पिच्चोटो पुढे गिटारवादक म्हणूनही नावाजले. या टेपवर ते केवळ गायक आहेत. ‘वेटिंग रूम’ हे गाणे त्याच वर्षी पुन्हा मुद्रित होऊन पहिल्या रेकॉर्डवर आले. ‘फर्निचर’ मात्र बाजूला पडले, ते थेट २००१ मध्ये नव्या मुद्रणासह प्रकाशित झाले. अंतिम रेकॉर्ड निर्णय सांगते; डेमो त्यामागची चाचपणी दाखवतो.

७/ मूळ मुद्रण डिस्कॉर्डने २०१४ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध केले. तोवरची २६ वर्षे, एखाद्या गाण्याचा अपवाद सोडता, ते श्रोत्यांच्या नकलांमधूनच फिरत होते.

८/ याच काळात आपल्याकडे काय चालले होते? मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरू लागला. १९८८ मध्ये ‘रॉक मशीन’ची स्वतःच्या गाण्यांची रेकॉर्ड कंपनीकडून निघाली, असे भाग्य थोड्यांनाच लाभले. दुसरीकडे, स्वस्त कॅसेटने बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि भीमगीते, लोकगीते, भक्तिगीते गावोगावी पोहोचली.

९/ एक सावधगिरी. कॅसेटवरून कॅसेट केली की दर पिढीला खरखर वाढते, तार स्वर बोथट होतात. दोन यंत्रांचा वेग जुळला नाही तर सूरही सरकतो. म्हणून टेप हे साधन वापरताना पोथीचेच प्रश्न विचारावे लागतात : ही कितवी नकल? कुणी केली? कुठल्या प्रतीवरून? आशय कितीही भिन्न असो, नकलाकाराची निष्ठा आणि त्याच्या चुका दोन्हीकडे सारख्याच.

१०/ आपल्या जिल्ह्यातही भजनी मंडळांच्या, कलापथकांच्या, महाविद्यालयीन बँडच्या घरगुती कॅसेट कपाटांत पडून असतील. पावसाळी दमट हवेत टेपला बुरशी लागते. ती यंत्रात घालण्याआधी जाणकाराला दाखवा. डिजिटल प्रत करताना वेष्टनावरचे हस्ताक्षरही छायाचित्रात टिपा. गाणारे कोण, वाजवणारे कोण, गाव कोणते, साल कोणते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. टेप उद्या पुन्हा ऐकता येईल. हे सांगणारी माणसे तेव्हा असतीलच असे नाही.